कोकोच्या बागेतली गाय

ओरत्तनाडूजवळच्या तोप्पूत, म्हणजे आपल्या नारळीच्या बागेत, वेंकूबाई रोज खराटा घेऊन उतरायची. नारळींच्या सावलीतली कोकोची झाडं तिनं कळशीनं पाणी घालून वाढवली होती. बुंध्यावर भरभरून फुलं यायची आणि गळून जायची. नवरा रंगराव कावला होता. "ह्या खेपेला फळ धरलं नाही, तर अस्की, एकूणएक झाडं तोडतों," त्यानं बजावलं.

सून साईप्रिया शेतकी शिकलेली. तिनं केळीचे कुजके बुंधे आणून झाडांखाली टाकले.

"आत्या, इथं झाडू नका. ह्या कुजक्यात चिलटं होतात. तीच पराग नेतात, तेव्हा फळ धरतं."

नाचता येईना अंगण वाकडं! झाडायचा कंटाळा, म्हणून घाणीला औषध म्हणायचं. पण वेंकूबाईच्या मनात खरी पाल चुकचुकली ती वेगळीच. साईच्या आईनं मागे म्हटलं होतं, तंजावुरात घर घ्या. ह्या कुजक्यानं झाडं गेली की माझ्या मुलाला घेऊन निघायला ही मोकळी! त्या भीतीनं तिला घास गोड लागेना.

तोंडावर ती "बरं" म्हणाली. साई कामावर गेली, की बुंधे ओढून कालव्यापलीकडे टाकायची आणि जमीन लख्ख करायची. फक्त विहिरीकडच्या ओळींत साप दिसल्यापासून तिचा पाय वळत नव्हता.

"बुंधे जातात कोठं, आत्या?"

"कोणाची तरी गाय शिरत असेल."

साईनं संध्याकाळी नवे बुंधे आणून टाकले. ही एवढी चिकाटी कशासाठी, म्हणून वेंकूबाईचा संशय आणखीच वाढला.

महिन्या-दोन महिन्यांनी रंगराव कुऱ्हाड घेऊन आला. विहिरीकडच्या बुंध्यांवर बोटाएवढी हिरवी फळं लगडली होती. झाडलेल्या निम्म्या बागेत एक नव्हतं.

"तिकडची राहोत. इकडची तोडतों."

साई आडवी आली. "नको मामा! झाडांचा दोष नाही. आत्यांनी जीव लावून वाढवली आहेत ती. इकडं गाय शिरते, तेवढी आवरली की धरेल फळ."

वेंकूबाईनं जिच्यावर डूख धरला, तीच झाडांसाठी कुऱ्हाडीपुढे उभी होती.

"कोणाची गाय?" रंगराव गरजला. "बांधूनच घालतों तिला!"

वेंकूबाईनं खराटा खाली टाकला.

"कोणाची म्हणजे? तुमचीच," ती म्हणाली, आणि कालव्यापलीकडून एक बुळबुळीत बुंधा उराशी धरून झाडाखाली आणून ठेवला.