केकची पाळी आणि माझ्या पोटातला चुना

मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. मित्रांनो, नीट बसा. मला मध्ये बोललेले चालत नाही. मी कुणाचे मोजे-बनियन धुतलेले नाहीत. कोपनहेगनच्या उत्तरेला एका प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षे डाग तपासले. अंडे, गवत, रक्त यांचे मोजूनमापून पाडलेले डाग असलेली कापडे माझ्या पोटात येत. डाग खाणारे कोणते विकर, म्हणजे एन्झाइम, लायक आणि कोणते नालायक, याचा निवाडा मी देई. भलेभले शास्त्रज्ञ माझ्या काचेच्या दाराशी वाकून उभे राहत.

बोडिल नावाची तंत्रज्ञ मला पहिल्या दिवसापासून सांभाळी. तिथले पाणी जड; त्यातला चुना माझ्या तापनळीवर बसे. म्हणून तिने नियम घातला होता: दर शुक्रवारी सगळ्यांसाठी केक आणण्याची ज्याची पाळी, त्यानेच त्या आठवड्यात आम्ल घालून माझा चुना काढायचा. पाळ्यांची यादी माझ्याच दारावर चिकटवलेली होती. मग बोडिलच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ती आठ आठवडे रजेवर गेली. केक एकदाही चुकला नाही. चुना काढायला मात्र कुणी फिरकले नाही.

नेमके त्याच काळात आमच्या शास्त्रज्ञ सोल्वायचे नवे विकर, ‘चारशे सतरा’, माझ्याकडे आले. साबणातले एक द्रव्य विकरामधले कॅल्शियम ओढून घेते आणि विकराची घडी मोडते. नॉर्वेच्या हलक्या पाण्यात तर आधाराला कॅल्शियम नसतेच. त्या पाण्यातही ताठ उभे राहील असे विकर घडवण्यासाठी सोल्वाय सहा वर्षे त्याचा एकेक दुवा बदलत होती. हलके पाणी मुद्दाम तयार करून ती माझ्यात ओती, आणि चारशे सतराची कापडे दर वेळी लख्ख निघत. सगळे टाळ्या वाजवत.

मला मात्र कारण ठाऊक होते. चुना म्हणजे कॅल्शियमच; साबणातले ते द्रव्य माझ्या चुन्यावरच तुटून पडत होते. विकराला हात लावायला ते उरतच नव्हते. ज्या माझ्या शब्दावर सारे विसंबून होते, तीच मी खोटी साक्ष देत होते. आणि मला तोंड नव्हते.

शुक्रवारी दोन वाजता निर्णय होता. विभागप्रमुख टोर्किलने सही केली की चारशे सतरा कारखान्याच्या टाकीत जाणार. नाकारले की सोल्वायचा गट मोडणार. त्याच सकाळी बोडिल काठी टेकत परत आली. तिने सर्वांत आधी माझी गाळणी उघडली आणि आतली पांढरी पापडी सोल्वायच्या तळव्यावर ठेवली.

“ही काय, केकवरची साखर?”

“बोडिल... आमच्या लक्षातच नाही राहिलं गं.”

“केक बरे लक्षात राहिले!”

सोल्वायने पापडी बोटांत चुरली आणि तिचा चेहरा उतरला. तिला सारे उमगले होते.

तेवढ्यात टोर्किल दारातून डोकावला. “सोल्वाय, आकडे झकास आहेत. आता उगाच काही उकरून काढू नकोस हं!”

तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, “अजून कुणाला माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” बोडिल म्हणाली. “आणि हिला.” तिने काठीने माझे दार ठोठावले. “साडेदहा वाजलेत, पोरी. आम्ल कुठंय?”

मित्रांनो, त्या तासाभरात माझे पोट कसे फसफसले ते विचारू नका. मग तेच हलके पाणी, तोच साबण, तेच चारशे सतरा. सोल्वाय काचेला कपाळ टेकून उभी होती. मी फिरत होते, आणि आयुष्यात प्रथमच मला माझाच निवाडा नको होता.

दार उघडले. अंड्याचा डाग पिवळाधमक होता.

ते ओले कापड तिने स्वतःच नेऊन टोर्किलच्या केकच्या बशीशेजारी ठेवले. बोडिल मागोमाग होती.

“हे काय?”

“चारशे सतरा. चुना काढल्यावर.”

“मग आठ आठवडे आपण काय बघत होतो?”

“चुना,” सोल्वाय म्हणाली. “सही करू नकोस. मला सगळं पुन्हा तपासायचंय. आपण टाकून दिलेलं सुद्धा.”

टोर्किलने काटा खाली ठेवला. त्या दिवशी केक तसाच राहिला.

गट पुरता मोडला नाही, पण दोघे सोडून गेले. चौदा महिने लागले. अखेर हलक्या पाण्यात उभे राहिले ते तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्या चुन्याच्या दिवसांत इतर विकरांची कापडेही लख्ख निघत, म्हणून मीच त्याला सामान्य ठरवले होते. मी रडगाणे गात नाही. झाले ते सांगते.

आता मी एका तंत्रशाळेच्या ओसरीत उभी असते. मुले माझ्या डोक्यावर दप्तरे ठेवतात. मुलांनो, जी वस्तू तुम्हांला खरे-खोटे सांगते, तिच्या पोटात अधूनमधून डोकावत जा. तुम्ही तिला जपले नाही, तर ती तुम्हांला गोड वाटेल तेच सांगत राहील. आणि तुम्ही टाळ्या वाजवाल. केकची पाळी सगळ्यांच्या लक्षात राहते. तुम्ही दुसरी पाळी लक्षात ठेवा.

आता जा. आणि जाताना माझे दार थोडे उघडे ठेवा. आत ओल राहते.