अबोलीचा शेजार

माझी अबोली दरवर्षी भादव्यात मान टाकायची. वरून हिरवीगार, आणि एके सकाळी बघावं तर सुकलेली. उपटली की मुळांना गाठीच गाठी. मी शेजारी मोगरा लावून पाहिला, कर्दळ लावून पाहिली, काही उपयोग झाला नाही. तरी वीस वर्षं मी त्यातली दोन-चार झाडं जगवत आले, कारण घटस्थापनेला ग्रामदेवीला पहिली वेणी आमच्या घरची जाते. रोह्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव, आणि त्या गावात रीत अशी, की जिच्या हातची अबोली तिच्याच हातात वेणीचं तबक. अख्खं गाव बाजूला होऊन वाट देतं. वर्षाकाठी एवढा एकच दिवस मला कुणी वाट द्यायचं, बाकी तीनशे चौसष्ट दिवस मी चुलीपुढे.

मग धाकटी जाऊ आली, शांती. पेणच्या खाडीकडची, मिठागरवाल्या काळूरामची एकुलती एक लेक. माझा दीर हिरामण धाटावला कंपनीत शिफ्टला जायचा, तिथल्याच कुणी तरी सोयरीक जुळवली. लग्नात काळूरामने भांड्याकुंड्यांच्या शेजारी मिठाची एक गोणी आणून ठेवली. त्याच्या हातचं, हंगामातलं पहिलं मीठ, पांढरंशुभ्र. आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "लेक देताय की लोणचं घालताय?" असं एकजण मोठ्याने बोलली. ती मीच. काळूरामही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. गोणी पडवीत पडून पडून पाझरली आणि शेवटी आम्ही ती उकिरड्यावर टाकली. शांती बघत होती.

आल्यावर दोन महिन्यांत तिने माझं मेलेलं झाड उपटलं, मुळं हातात घेतली आणि म्हणाली, "वयनी, हिला झेंडूचा शेजार द्या. रामवाडीला माझी मावशी हाय ना, इंदुबाय, ती फुलंच विकते. झेंडूच्या मुळाशी ही कीड टिकत नाय. आन् वरती माडाची सावली असली म्हंजे झालं."

"जिथं गवत उगवत नाय तिथली तू, आन् मला फुलं शिकवतेस?" मी म्हटलं.

हे सासूबाईंनी ऐकलं. त्यांनी मागल्या दोन माडांच्या मधला वाफा तिला दिला. तिने एक ओळ अबोलीची, एक झेंडूची अशी लागवड केली. मोगरा काढून कुंपणाला नेला, कर्दळ न्हाणीच्या पाण्यावर. कुणाला कुणाशेजारी बसवावं हे त्या पोरीला बरोबर कळायचं. माणसांतलं तेवढं कळत नव्हतं.

पुढच्या भादव्यात माझ्या वाफ्यातली अबोली सगळीच गेली, तिची उभी राहिली. त्या वर्षीची वेणी मी तिच्या फुलांची केली आणि तबक मीच नेलं. पण पुढच्या आषाढात सासूबाई जेवता जेवता म्हणाल्या, "औंदा तबक शांती नेईल. रीत ती रीत. तिच्या बापालाही सांगावा धाडा, येऊन बघूदे."

शांतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ठाऊक होतं तिला काय हवंय. तबकाशी तिला देणंघेणं नव्हतं. ज्या गावाने तिच्या बापाला हसून घेतलं, ते गाव तिला वाट देताना बापाने बघावं, एवढंच तिला हवं होतं. आणि तेच मला तिला मिळू द्यायचं नव्हतं. मला लाज वाटते असं म्हणायला हवं. तेव्हा वाटत नव्हती.

नारळी पौर्णिमेला आमच्यात माडाला मीठ घालतात, एका माडाला एक ओंजळ. सासूबाई त्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. काळूराम सांगावा मिळाल्याच्या आनंदात सकाळच्या एसटीनेच आला, डोक्यावर गोणी. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून पुन्हा मीठच. ती त्याने दारातच उतरवली, आत आणायचा त्याला धीर झाला नाही.

मी म्हटलं, "दारात का ठेवताय? मागं चला. आज माडांना तुमचंच मीठ घालू."

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मागे गेल्यावर तो ओंजळ भरून माडाच्या बुंध्याशी वाकला, तेव्हा मी म्हटलं, "एवढंसं नको. सगळी गोणी घाला, वाफ्यातूनही घाला. देवीच्या वेणीची झाडं ही. लग्नातलं तुमचं मीठ वाया गेलं, ते सासूबाईंच्या मनाला लागून राहिलंय. त्याचा मान आता इथं होऊदे."

तो थबकला. "विमलबाय, फुलझाडाला चालंल ना?"

"आमच्याकडं घालतात," मी म्हटलं. "तुमची इच्छा नसली तर राहूदे."

मिठागराच्या बांधावर गवताची काडी उगवत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण उभ्या जन्मात त्याचं मीठ कुणी मान म्हणून मागितलं नव्हतं. त्याने शांतीकडे पाहिलं. ती चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होती.

"बाय, घालू काय गो?"

शांतीने आधी माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं, त्याच क्षणी. नाही म्हणावं तर बापाच्या मिठाला दुसऱ्यांदा नाही म्हणायचं, आणि तेही लेकीनेच.

"घाला, बाबा," ती म्हणाली.

त्याने गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी, देवाला तांदूळ वाहावेत तसं ते मीठ झाडाझाडाच्या बुंध्याशी घातलं. गोणी झटकूनसुद्धा घेतली. मग चहा पिऊन, "घटाला येतो," म्हणत अकराच्या एसटीने गेला.

तो वळणाआड गेला आणि शांती वाफ्यात बसली. सुपात मीठ खरवडून भरायची, ओढ्यावर टाकून यायची, पुन्हा भरायची. बोटं सोलवटली, त्यात मीठ गेलं असणार. मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. एकदा तिने मान वर केली, मला वाटलं हाक मारेल. नाही मारली. दुपारी एक सर आली आणि उरलेलं सगळं मुळांत उतरलं.

आठ दिवसांत पानं कडेने करपली. झेंडू आधी गेला, मग अबोली. सासूबाई परत आल्या आणि त्यांनी वाफा बघून कपाळावर हात मारून घेतला. "कुणी केलं हे?"

मला बोलायची गरजच नव्हती. माझं नाव सांगायचं तर शांतीला आधी बापाचं सांगावं लागणार होतं, आणि ते ती सांगणार नाही हे मी धरूनच चालले होते.

"माझ्याच हातनं झालं," शांती म्हणाली. "माडाला मीठ घालताना वाफ्यात सांडलं."

"मिठागरातली ती मिठागरातलीच," सासूबाई म्हणाल्या, आणि तबक पुन्हा माझ्याकडे आलं.

घटस्थापनेला पहाटे मी रोह्याच्या बाजारातून अबोली आणली आणि वेणी केली. विकतची फुलं रीतीत बसत नाहीत, पण कुणी विचारलं नाही. गावाने वाट दिली. देवळापाशी काळूराम उभा होता, नवी टोपी, परीटघडीचा सदरा. तबक आलं तसा तो टाचा उंचावून बघू लागला. तबकामागे मी होते. तरी त्याची नजर माझ्या मागे तिला शोधत राहिली, सगळ्या बायका संपेपर्यंत.

मग घरी येऊन त्याने वाफा पाहिला. करपलेल्या काड्या, आणि दोन्ही बाजूंना तरारलेले माड. वाकून त्याने एक काडी मोडून पाहिली. त्याला कळलंय असं मला वाटलं.

"रोग पडला, बाबा," शांती म्हणाली.

"मीठ कमी पडलं असंल गो," तो म्हणाला. "पुढल्या सालाला दोन गोनी आनतो."

ती हसली. बापासाठी हसली. "व्हय बाबा. आना."

त्याने वळून मला हात जोडले. "विमलबाय, तुमी माझं मीठ देवीच्या कामी लावलंत. झाडं गेली, पन तुमी मान दिलात."

मीही हात जोडले. शांती माझ्याकडे बघत होती. तिने त्या वेळी मला शिव्या घातल्या असत्या तर मी आज सुखाने झोपले असते.

पुढल्या नारळी पौर्णिमेला तो खरंच दोन गोण्या घेऊन आला. शांतीने त्या स्वतःच्या हातांनी रिकाम्या वाफ्यात पसरल्या. माड त्या वर्षी नारळांनी लगडले होते. मी त्यातले पाच नारळ काढून काळूरामच्या पिशवीत घातले, आणि त्याने पिशवी उचलून कपाळाला लावली.