स्वतःच्या नावावरची गाडी

"सर कधी येतायत, मॅडम?" शोरूममधल्या सेल्समनने तिसऱ्यांदा विचारलं.

"कुठले सर?" तेजस्विनीने विचारलं.

तो गडबडला आणि त्याने पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. तेजस्विनी रायकर तीस वर्षांची होती. धायरीहून रोज सकाळी निघून शहरभर पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी द्यायची, आणि गाडी स्वतःसाठीच बघायला आली होती. तीन आठवड्यांपूर्वी सिंहगड रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून तिची स्कूटर घसरली होती. मनगट सुजलं ते उतरलं, पण पायाशी ठेवलेलं फिजिओथेरपीचं बावीस हजारांचं मशीन फुटलं ते फुटलंच. घरी मोठी गाडी होती. तिची किल्ली मात्र धाकट्या भावाच्या, पृथ्वीराजच्या खिशात असायची. दोन दिवस त्याने तिला कामावर सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, मला पण कामं असतात यार." त्या दिवशी तिने रिक्षांना सहाशे चाळीस रुपये दिले आणि रिक्षातच ठरवलं, आता गाडी घ्यायची.

"फक्त तीस हजार भरा, गाडी घेऊन जा," सेल्समन सांगत होता. "सात वर्षांचं लोन. हप्ता दहा हजार नऊशे एकोणसाठ. आज बुक केलंत तर सीट कव्हर आमच्याकडून."

अकरा हजारांच्या आत हप्ता, म्हणजे जमण्यासारखं होतं. तिने पेनसुद्धा हातात घेतलं. पण काय वाटलं कोण जाणे, "उद्या सांगते" म्हणून ती कागद घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदनगरला श्यामसुंदर देवधरांकडे तिची वेळ होती. देवधर बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले. सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात नीट चालत नव्हता. बोलणं मात्र पूर्वीइतकंच चालत होतं, असं त्यांच्या पत्नी वासंतीकाकू म्हणायच्या. त्यांच्या उजव्या हाताला व्यायाम म्हणून तेजस्विनी त्यांना रोज पानभर आकडे लिहायला लावायची. त्या दिवशी तिने शोरूमचा कागदच पुढे ठेवला.

"यात गाडीची किंमत कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ही काय, काका. सहा लाख ऐंशी हजार, सगळं धरून."

"ही त्यांची किंमत झाली. तुमची कुठे आहे?"

तिला कळलं नाही. देवधरांनी पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि हप्त्याला चौऱ्याऐंशी महिन्यांनी गुणायला सुरुवात केली. मधेच पेन्सिल डाव्या हातात जाऊ लागली तशी ती म्हणाली, "उजव्याने." त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा उजव्याने लिहू लागले. दहा मिनिटं गेली. वेड्यावाकड्या आकड्यांत उत्तर आलं: नऊ लाख वीस हजार पाचशे छप्पन.

"वर तुमचे तीस हजार. म्हणजे साडेनऊ लाख. सीट कव्हरं चांगलीच मऊ असणार, डॉक्टर."

तेजस्विनी हसली नाही. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. काल आपण सही करणार होतो, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"म्हणजे मी घेऊच नको का?"

"असं मी कुठे म्हटलं? मी लोकांना कर्ज देऊनच पोट भरलं. हप्ता किती, हे शेवटी विचारायचं. आधी विचारायचं की सगळे मिळून माझे किती जाणार. व्याज किती, किती वर्षं, मुदतीआधी फेडलं तर दंड किती. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं कोणी म्हणालं, तर उठून यायचं."

"आणि मला परवडते की नाही, हे कसं कळणार?"

"उद्यापासून गाडी घेतलीच आहे असं समजा. दर महिन्याच्या एक तारखेला दहा हजार हप्त्याचे आणि सहा हजार पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंगचे वेगळ्या खात्यात टाका. वर्षभर त्याला हात न लावता जमलं, तर गाडी परवडते. मधेच काढावे लागले, तर नाही परवडत. आणि वर्षाने ते पैसे तुमचेच असतील. कर्ज तेवढं कमी घ्यावं लागेल."

"वर्षभर थांबू?"

"सात वर्षं फेडायला तयार होतात की!"

त्याच आठवड्यात ती आपल्या बँकेत गेली. कर्जविभागात नम्रता नावाच्या अधिकारी होत्या, तिच्याच वयाच्या. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि मान हलवली. "स्वतःची प्रॅक्टिस असेल तर आम्हाला दोन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न लागतात. तुमचं एकच आहे. आणि तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही."

"मी कधी कोणाचं कर्ज घेतलंच नाही, मॅडम."

"तोच प्रॉब्लेम आहे. घेतलं आणि वेळेवर फेडलं, असं कुठेच दिसत नाही ना."

बाहेर आल्यावर तिला राग आला. चांगलं वागण्याची शिक्षाच ही, असं वाटलं. पण संध्याकाळी तिने देवधरांना फोन करून उपाय विचारला. पंचवीस हजारांची मुदत ठेव करायची आणि तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्यायचं, हा तो उपाय. त्यावर फक्त स्कूटरचं पेट्रोल भरायचं आणि बिल आलं की पूर्ण भरायचं. "किमान रक्कम भरा असं लिहिलेलं असेल, ते वाचायचंच नाही," देवधर म्हणाले.

एप्रिलच्या एक तारखेला तिने पहिले सोळा हजार वेगळ्या खात्यात टाकले.

मे-जून सरळ गेले. जुलैत तिने वर्षभराच्या सगळ्या भेटींची नोंद काढून दुसरं रिटर्न भरलं, रोख मिळालेले पैसेही त्यात दाखवले. पृथ्वीराज हसला. "कॅश कोण दाखवतं, ताई?" "ज्याला कर्ज पाहिजे तो," ती म्हणाली. गणपतीत मात्र गाडं अडलं. निम्म्या पेशंटांनी "आता विसर्जन झालं की या" म्हणून सुट्टी घेतली, आणि महिनाअखेर तिच्या हातात सोळाऐवजी नऊ हजार उरले. खात्यात नऊच टाकावेत, कोण बघतंय, असं एकदा मनात आलं. मग तिने स्वारगेटजवळच्या एका क्लिनिकमध्ये संध्याकाळचे दोन तास धरले आणि पंधरा तारखेच्या आत उरलेले सात हजार भरले. त्या महिन्यात पाय इतके दुखायचे, की ती घरी आली की जिना चढण्याआधी पायरीवर बसायची.

घरात हे सगळं दिसत होतं. तिचे वडील संभाजीअण्णा यांची धायरीत बागायत होती. गाव शहरात आलं तशी निम्मी जमीन बिल्डरकडे गेली आणि पैसा आला. घरात कोणालाही काही कमी नव्हतं. पोरगी गाडीसाठी पैसे साठवतेय, हे अण्णांना बघवत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी ते म्हणाले, "चल, जरा बाहेर जाऊन येऊ." थेट शोरूमवर नेलं. तिथे झेंडूचा हार घातलेली पांढरी मोठी गाडी उभी होती, शेजारी आई आणि पृथ्वीराज.

"तुझी हाय," अण्णा म्हणाले. "सगळे पैसे रोख भरलेत. आता स्कूटरचा नाद सोड."

तेजस्विनी पुढे झाली. तिने त्यांचा हात धरला. मग सेल्समन सहीसाठी कागद घेऊन आला आणि तो पृथ्वीराजकडे गेला. तिने वाकून बघितलं. मालकाच्या रकान्यात भावाचं नाव होतं.

"अण्णा, गाडी माझी ना?"

"तुझीच की. पर कागद त्याच्या नावावर राहू दे. उद्या तुझं लग्न झालं, तर गाडी कुठं जायची? घरची वस्तू घरात ऱ्हाती. तुला पाहिजे तवा मागून घे."

"मागूनच तर घेत आले आत्तापर्यंत," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिने आधी श्वास घेतला. "तुम्ही एवढं आणलंत, मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पण ही गाडी मला नको. ही घराला राहू द्या. माझी मी घेईन."

"कर्ज काढून? अगं, रायकरांच्या पोरीनं बँकेच्या दारात जायचं?"

"मी जाऊन आलेय, अण्णा. सहा महिन्यांपूर्वीच."

शोरूममधली माणसं बघत होती. आईने पदर तोंडाला लावला. अण्णांनी गाडीवरचा हार नीट केला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. तेजस्विनी त्या दिवशी बसने घरी आली.

त्यानंतर अण्णा तिच्याशी कामापुरतं बोलायचे. जेवताना ताट पुढे सरकवायचे, पण वर बघायचे नाहीत. तिला त्याचं फार वाईट वाटायचं. रात्री आई समजवायची, एकदा माफी माग म्हणून. "कशाची मागू?" तेजस्विनी विचारायची, आणि आई अंथरूण घालायला उठायची. एक तारखेचे सोळा हजार मात्र चुकले नाहीत.

मार्च संपला तेव्हा दोन लाख ब्याऐंशी हजार जमले होते. आधीच्या साठवणीतले नव्वद आणि वर्षाचे एक लाख ब्याण्णव. तिने तीच सहा ऐंशीची छोटी गाडी ठरवली आणि चार लाखांच्या कर्जाचा अर्ज नम्रतांच्या टेबलावर ठेवला. चार वर्षं, सव्वानऊ टक्के, हप्ता दहा हजार दोन. नम्रतांनी स्कोअर बघितला आणि या वेळी हसल्या. "छान आहे. फक्त घर वडिलांच्या नावावर आहे ना, त्यांचं वीजबिल लागेल. आणि आमचा माणूस घरी चौकशीला येईल."

देवधरांना तिने विचारून बघितलं होतं, लागलंच तर जामीन राहाल का म्हणून. "मी आयुष्यात सख्ख्या मेहुण्याला जामीन राहिलो नाही," ते म्हणाले होते. "आणि तुम्हाला गरजही नाही. वडिलांशी बोला."

म्हणून ती त्या संध्याकाळी अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "वीजबिल हवंय. कर्जासाठी." अण्णा उठले, कपाट उघडून फाइल काढली आणि बिल तिच्या हातात दिलं. एवढंच.

तीन दिवसांनी बँकेचा चौकशी अधिकारी आला. विक्रम असं नाव सांगितलं. तेजस्विनी पेशंटकडे अडकली होती. ती धापा टाकत घरी पोहोचली, तेव्हा तो आत बसला होता आणि अण्णा उत्तरं देत होते. ती दारातच थांबली.

"मुलगी महिन्याला पन्नास हजार कमावते असं लिहिलंय. खरं आहे का, काका?"

"खरं म्हंजे? पहाटं साडेपाचला उठती. सहा दिवस फिरती, सातव्या दिवशी बी दोन पेशंट असत्यात. गणपतीत घरात मोदक होते, तर ही स्वारगेटला काम करत हुती. वरीसभर एक ड्रेस घेतला नाही तिनं." अण्णा थांबले. "साहेब, आमच्यात जमिनी इकून पैसा आला. कमवून आणणारी ही एकटीच हाय. लिवा तसं."

विक्रमने तसं लिहिलं की नाही, कोण जाणे. त्याने सही घेतली आणि चहा पिऊन गेला. तेजस्विनी आत आली. तिने चहाचे कप उचलले.

"हप्ता किती बसतोय?" अण्णांनी विचारलं.

"दहा हजार दोन. पण अण्णा, तसं विचारायचं नसतं. सगळे मिळून किती जाणार, ते विचारायचं."

"मग किती जानार?"

"ऐंशी हजार जास्तीचे. आणि एक वर्षानंतर कधीही फेडलं, तरी दंड नाही."

अण्णांनी मनात काहीतरी जुळवलं. "बरं केलंस," ते म्हणाले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

कर्ज मंजूर झालं. गाडी घ्यायच्या दिवशी शोरूमने बिलात "हँडलिंग" म्हणून साडेसहा हजार लावले होते आणि विमाही त्यांचाच, तिने बाहेर काढलेल्यापेक्षा नऊ हजारांनी महाग. तिने दोन्हींवर पेनाने रेघ मारली. मॅनेजर आला आणि सिस्टिममध्ये तसं होत नाही म्हणाला. "मग सिस्टिम होईपर्यंत बसते," तेजस्विनी म्हणाली आणि डबा उघडून पोळीभाजी खायला लागली. पाऊण तासाने सिस्टिममध्ये तसं झालं.

नोंदणीच्या कागदावर मालक म्हणून एकच नाव होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विश्रांतवाडीच्या एका आजींकडे पहिली भेट ठरवली होती. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, दोन महिने अंथरुणावर. एवढ्या लांबचा पेशंट ती आजवर घेत नव्हती. साडेसहाला ती निघाली. गाडी ती ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकली होती, पण गर्दीत एकटीने चालवायची ही पहिलीच वेळ. धायरी फाट्यावरच गाडी दोनदा बंद पडली, मागून हॉर्न वाजले, आणि एका पीएमटी बसचा ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी म्हणाला, ते तिला काचेमुळे ऐकू आलं नाही. तिने पुन्हा चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, आणि गर्दीत हळूहळू पुढे सरकत राहिली.