डावखुरी पलटण

आज अतिक्रमणाच्या सुनावणीत सासऱ्यांनी साहेबाला बेधडक सांगितलं, "चित्र अगदी खरं आहे," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते चित्र म्हणजे आमच्या छापखान्याची शान. सासऱ्यांच्या पणजोबांनी दीडशे वर्षांपूर्वी दगडावर काढून छापलेलं. नदी, तिच्यावरचा पूल, पुलावरून चाललेली शिपायांची पलटण, डाव्या काठावर घरांची ओळ, उजव्या काठावर नुसती झुडपं. माझ्या आईचं घर उजव्या काठावर. साहेब म्हणाला, जुन्या चित्रात इथं एकही घर नाही, म्हणजे इथली घरं मागाहून घुसवलेली. पाडायची. निकाल उद्या.

घरी आल्या आल्या मी चित्र भिंतीवरून उतरवलं आणि सासऱ्यांच्या पुढ्यात आपटलं.

"बाबा, बघा नीट. या शिपायाची तलवार उजव्या कमरेला. मागच्याचीही तिकडंच. सगळी पलटण काय डावखुरी होती?"

दगडावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं, हे या घरात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून दगडावर सगळं उलटंच काढायचं. पणजोबांनी खाली स्वतःचं नाव तेवढं आठवणीनं उलटं लिहिलं, आणि पूल मात्र दिसला तसा काढून मोकळे झाले! घरं होती आईच्याच काठावर. छापल्यावर ती पलीकडे गेली.

नवरा भिंतीवरचा रिकामा खिळा बघत उभा.

"मला लहानपणापासून माहीत आहे," बाबा म्हणाले. "वडिलांनी दाखवलं होतं. बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलंही होतं."

माहीत होतं! आई समोरच्याच बाकावर बसली होती. व्याही आलेत, आता आपल्या बाजूनं बोलतील, म्हणून बिचारीनं त्यांना हात जोडले होते. आणि या माणसानं तिच्या तोंडावर खोटं सांगितलं.

"पणजोबांचं नाव आहे चार लोकांत," ते म्हणाले. "मी मेल्यावर सांग काय सांगायचं ते."

"आईचं घर परवा पाडतील. तोवर मराल का तुम्ही?"

"अगं!" नवऱ्याला आत्ता वाचा फुटली.

"अगं काय, अगं! इतका वेळ कुठं होतास?"

मी चित्र काखेत मारलं आणि दाराकडे निघाले. बाबा उठले, आणि त्यांनी ते माझ्याकडून हिसकावून घेतलं.

"तू तोंड उघडू नकोस तिथं. पणजोबा माझे आहेत. उद्या मीच सांगतो."

आवाज असा, की जणू चूक मीच केली होती.