न हुंगलेलं फूल

फतेगंजात दत्तात्रेयांच्या शेजारी रोझलिनबेन राहत. नवरा गेल्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच ईस्टर. त्याने लावलेल्या लिलीची कुंडी त्यांनी दत्तात्रेयांच्या सावलीतल्या ओट्यावर ठेवली होती.

"कंद मेल्यासारखा मातीत पडून राहतो, दत्तुभाई, आणि ईस्टरला उठतो. म्हणून चर्चमध्ये हेच फूल न्यायचं."

दत्तात्रेयांनी कुंडी जिवापाड सांभाळली. ऊन सरकलं की तीही सरकवायची, माती बोटाने चाचपायची. गुड फ्रायडेच्या सकाळी कळी उमलली. कर्ण्यासारखं लांबट, पांढरंशुभ्र फूल, ओटाभर घमघमाट. हुंगलेलं फूल देवाला कसं चालेल? त्यांनी झटकन नाकाला पंचा लावला आणि मगच पाणी घातलं.

नेमक्या तेव्हाच रोझलिनबेन फाटकाशी आल्या. त्यांनी पाहिलं आणि तशाच मागे फिरल्या.

दुपारी त्यांच्या पत्नी कमलाबाई तणतणत घरात आल्या. "रोझलिनबेन उद्या कुंडी परत नेणार आहे. म्हणाली, तुमच्या साहेबांना आमच्या फुलाचा त्रास होतो. नाकाला फडकं कशाला लावलंत?"

"अगं, देवाचं फूल ते! वास घेऊन उष्टं करू?"

"मला कळलं हो. तिला कोण सांगणार, तुमचा पंचा?"

दत्तात्रेय उठले. पुस्तकांखेरीज कुणाशी फारसं न बोललेला माणूस. जाताना त्यांच्या मनात आलं, अशी विटाळ म्हणून नाकाला लावलेली फडकी या बाईने लहानपणापासून किती पाहिली असतील! तरी त्यांनी कडी वाजवली.

दार अर्धंच उघडलं.

"बेन, आमच्यात... वास घेतलेलं फूल देवाला वाहत नाहीत. म्हणून मी..."

रोझलिनबेननी दार सताड उघडलं.

"अरे भगवान! आमचे हे तर फुलात नाक खुपसायचे. पराग लागून पिवळं झालेलं नाक घेऊन चर्चमध्ये बसायचे!" हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "घ्या हो तुम्हीपण वास. येशूला चालतं."

"नको. आधी देवाला पोचू दे."

"मग पोचवायलाही तुम्हीच चला. माझे गुडघे कुठे चालतात?"

ईस्टरच्या सकाळी दत्तात्रेय कुंडी हातभर लांब धरून, मान वळवून चर्चच्या पायऱ्या चढत होते. दारातल्या बायका टकमक बघू लागल्या.

"काय बघता?" रोझलिनबेन मागून ठसक्यात म्हणाल्या. "आमचे शेजारी आहेत. फूल कसं आणायचं, जरा शिका!"