सिगारेट किती वर्षं ओढता?

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, सिगारेट किती वर्षं ओढता?"

सलूनवाला बायकोच्या तोंडाकडे बघतच राहिला. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती खोकल्यानं वाकली. "अहो डॉक्टर, मला करपलेल्या तव्याचा धूर सोसत नाही!"

पण सलूनवाल्याच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. बायको टोलनाक्यावरच्या खिडकीत बसून दिवसभर पावत्या द्यायची. समोर सगळे ड्रायव्हर नि क्लीनर. कुणी लावली असेल सवय तर? त्याच्या आईनं आगीत तेल ओतलं, "कपड्यांना धुराचा वास मारतो तिच्या. मी काय नाक नसलेली आहे?" मग तो बायकोची पिशवी चाचपू लागला, वाळत घातलेले कपडे हुंगू लागला. तिला कळलं होतं. ती ताटं जरा आपटून ठेवू लागली.

शेवटी एका दुपारी दुकानाचं शटर ओढून तो न सांगता नाक्यावर गेला. ती एकटीच होती, तोंडावर ओला रुमाल बांधलेला.

"आलात तपासणीला?" ती म्हणाली. "बसा की मग."

तो स्टुलावर बसला. नाका चढावर होता. ट्रक थांबायचा, पावती घ्यायचा, आणि निघताना काळा लोट थेट खिडकीत सोडून जायचा. एक गेला की दुसरा.

"अगं, काच लाव ना!"

"मग पैसे काय फुंकर मारून घेऊ?"

थोड्याच वेळात त्याचे डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. तोंड पुसलं तर रुमालावर काजळी. घरी येऊन त्यानं शर्ट काढला आणि आईसमोर धरला.

"हुंग."

म्हातारीनं हुंगला आणि मान खाली घातली.

त्या दिवसापासून तो नोकरी सोड म्हणून बायकोच्या मागे लागला. "घरी बसून काय करू, सासूबाईंशी भांडू?" असं म्हणत ती जात राहिली. जिना चढताना मधेच बसावं लागायला लागलं, तेव्हा कुठे तिनं ऐकलं. डॉक्टरांनी मात्र स्पष्टच सांगितलं, "गेलेलं फुप्फुस परत येत नाही."

हिवाळ्यात धुरकं खाली उतरलं आणि तिला आडवं पडणं अशक्य झालं. ती उशांना टेकून बसूनच झोपायची. सासू पाठ चोळायची. केस विंचरायला हात उचलला तरी धाप लागे, म्हणून एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "कापून टाका एकदाचे. फुकटचा न्हावी घरात आहे."

लग्न झाल्यापासून तिनं त्याला केसांना कधी कात्री लावू दिली नव्हती. तो हळूहळू कापत गेला. अर्ध्यात तिचा डोळा लागला, मान कलली. त्यानं कात्री खाली ठेवली, तिचं डोकं छातीशी धरलं आणि तसाच बसून राहिला. तिच्या श्वासाची घरघर त्याला स्वतःच्या बरगड्यांत जाणवत होती.

त्याच आठवड्यात ती गेली.