तिसरी पोरगी

लोर्ना पेल्कीला बर्फावरून खाली यायचं ठाऊक होतं, वर चढायचं नाही. व्हर्मांटच्या डोंगरात जन्मली, देशाच्या संघातून स्की बांधून युरोप पालथा घातला. स्लॅलमच्या वळणावळणाच्या शर्यतीत बर्फात रोवलेल्या काठ्यांचं एखादं गेट चुकलंच, तर शर्यत सोडून मान ताठ ठेवून बाजूला निघून जायची. गेट सुटलं की बाद, पण पुन्हा वर चढून ते घ्यायला नियमाची मनाई नव्हती. मात्र नावाजलेली खेळाडू असली कामं करते होय?

गुडघ्याने दगा दिल्यावर ती ॲशबी कॉलेजची कोच झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात तोंडावर पडली. एक पोरगी गेट हुकून परत चढायला लागली, तर ही ओरडली, "सोड गं ते! हसं करून घेऊ नकोस!" पोरगी मुकाट्याने बाजूला झाली आणि ॲशबी हरलं. कॉलेजच्या शर्यतीत पहिली कोण आली एवढ्याने भागत नाही. सहा पोरी उतरतात, त्यातल्या पुढच्या तिघींचे गुण धरतात. तिसरी रखडत आली तरी चालते, पण यायला हवी.

"बाई गं, तू जन्मभर एकटीसाठी पळालीस," तिचा म्हातारा सहायक एमोस तेव्हा म्हणाला होता. "तिघींचं गणित तुला कोण शिकवणार?"

लोर्नाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्या दिवसापासून दर गुरुवारी सराव फक्त चढण्याचा. सगळ्या पोरी कुरकुरायच्या, आणि सगळ्यात जास्त रेन किट्रेज. ही संघातली सगळ्यात वेगवान, आणि नाकही तितकंच वर.

"कोच, वर जायला लिफ्ट असते."

"हो का? मग गेट चुकलं की तिथंच बोलावून घे. चल, चढ!"

यंदाचा हिवाळी कार्निव्हल, म्हणजे कॉलेजांच्या स्की शर्यतींचा मेळा, ॲशबीच्याच टेकडीवर होता. घरचा कार्निव्हल ॲशबीने आजवर एकदाही जिंकला नव्हता. शेजारचं मोठं विद्यापीठ बस भरून पोरं आणायचं आणि यजमानांना त्यांच्याच अंगणात लोळवून जायचं. या खेपेला मात्र सगळं शेवटच्या शर्यतीवर, मुलींच्या स्लॅलमवर, येऊन ठेपलं. पाणी मारून गोठवलेल्या उताराने सगळ्याच कॉलेजांच्या निम्म्या पोरी आडव्या केल्या होत्या. ॲशबीच्या तिघी पडल्या, दोघी खाली पोचल्या. उरली रेन. दोन फेऱ्यांपैकी पहिलीत ती सगळ्यांत पुढे, म्हणून दुसरीत सगळ्यांच्या शेवटी सुटायची होती.

"नुसती खाली येऊ दे," रेडिओवर एमोस म्हणाला. "कितवीही येऊ दे. आली तर कार्निव्हल आपला, नाही आली तर त्यांचा."

लोर्ना उताराच्या मध्यावर जाळीबाहेर उभी होती. रेन सुटली ती अशी, की लोर्नालाही क्षणभर हेवा वाटला. आणि तिच्या डोळ्यांदेखत पोरीची एक स्की सटकली. रेन गेटच्या खाली घसरत गेली, कशीबशी तोल सावरून थांबली. पहिला नंबर गेला होता. तिने मान ताठ केली आणि बाजूला वळली. लोर्नाने ती मान ओळखली. ती तिचीच होती.

"रेन! चढ!"

"कोच, संपलं सगळं!"

"तुझं संपलं, त्यांचं नाही! त्या दोघी खाली तुझी वाट बघतायत! चढ म्हणते ना!"

रेनने खाली पाहिलं. मग दात-ओठ खात स्की आडव्या केल्या आणि एकेक पाऊल वर टाकू लागली. काचेसारख्या बर्फावर एक पाऊल चढलं की अर्धं घसरायचं. जाळीच्या अलीकडे लोर्नाही आपल्या मोडक्या गुडघ्यावर तिच्या बरोबरीने चढू लागली. "टाक! अजून एक! टाक!" खाली आधी कुणीतरी फिदीफिदी हसलं. मग ॲशबीच्या पोरांनी शर्यतीत वाजवायला आणलेल्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा बडवायला सुरुवात केली आणि हसणं त्यात बुडून गेलं.

रेनने गेट घेतलं. पुढची सगळी गेटं तिने एखाद्या म्हातारीसारखी जपून घेतली. रेडिओवर एमोस नुसता बोंबलत होता, "तिसरी आली! लोर्ना, तिसरी आली गं!"

लोर्ना खाली पोचली तेव्हा रेन हेल्मेटसुद्धा न काढता उभी होती. निकालाच्या फळ्यावर तिचं नाव सगळ्यांच्या तळाशी होतं.

"मी शर्यत घालवली, कोच."

लोर्ना काहीतरी शहाण्यासारखं बोलणार होती. तेवढ्यात ॲशबीच्या पाचही पोरींनी रेनवर उड्या घेतल्या आणि तिला बर्फात आडवं केलं. मग लोर्नाने गुडघ्याची फिकीर सोडून त्या ढिगावर स्वतःला झोकून दिलं. पदकं तिने पुष्कळ घेतली होती, पण ती घेताना गळ्यात पडून रडावं असं जवळ कुणी नसायचं. आज ती ओक्साबोक्शी रडली.

"कोच," ढिगाच्या तळातून रेन हसत-हसत कळवळली, "उठा ना, जड आहात हो तुम्ही!"

"पडून राहा," लोर्ना म्हणाली. "जिंकलोय आपण."